केबल गळते म्हणून क्लच प्लेटांचे पैसे घेतले, पण इंजिनाचे कव्हर उघडलेच नव्हते

मोटारसायकलची क्लच केबल झिजल्याच्या निमित्ताने माझ्याकडून न केलेल्या कामाचे पैसे कसे घेतले गेले, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या एका वाक्याने मी फसलो ते ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटते. ते वाक्य असे होते : "साहेब, तुमची क्लच केबल लीक आहे, इंजिनातले ऑइल तिच्यातून बाहेर येतेय, म्हणजे आत क्लच प्लेटा ऑइलमध्ये भिजल्यात."

गाडीची तक्रार खरी होती. काही आठवड्यांपासून क्लचचा लिव्हर जड झाला होता, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येई, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नसे आणि लिव्हर पार मुठीला टेकवून धरला तरी गाडी पुढे सरकू पाहत असे. ॲडजस्टर फिरवून मी दोनदा ढील काढली होती, पण आठ-दहा दिवसांत ती पुन्हा येई. शिवाय केबलचे खालचे टोक जिथे इंजिनाच्या कव्हरवरील क्लच आर्मला जोडलेले असते, तिथे काळपट ओलावा दिसू लागला होता. मेकॅनिकने त्या टोकाखालून बोट फिरवले, काळे झालेले बोट माझ्यासमोर धरले आणि वरील वाक्य उच्चारले. भिजलेल्या प्लेटा म्हणजे ब्रेकला तेल लागण्यासारखेच काहीतरी भयंकर असावे, अशी माझी समजूत झाली आणि मी प्लेटा, स्प्रिंग, ऑइल सील, गॅस्केट आणि केबल अशा सगळ्याच कामाला होकार दिला. गाडी तिथेच ठेवून संध्याकाळी न्यायची ठरली.

त्या वेळी मला जे माहीत नव्हते ते इथे स्पष्ट लिहितो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ओला असतो. त्याच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्ये फिरण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यामुळे त्या भिजल्या आहेत हे कोणत्याही बिघाडाचे लक्षण नाही. तारेने ओढल्या जाणाऱ्या क्लचच्या केबलमध्ये गळण्यासारखा द्रवही नसतो, तिच्यात फक्त पोलादी तारांचा पीळ आणि त्यावरचे आउटर, म्हणजे बाहेरची नळी, असते. तिच्या टोकाशी ओल दिसली तर ती बहुधा दोनच ठिकाणांहून येते : वंगणासाठी कोणी वरून सोडलेले तेल गंज आणि मळ घेऊन खाली ठिबकते, किंवा क्लच आर्मच्या दांड्याभोवतीचे ऑइल सील कडक होऊन इंजिनाचे ऑइल पाझरते आणि शेजारच्या केबलवर पसरते.

माझ्या गाडीची लक्षणेही प्लेटांची नव्हती. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, म्हणजे वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. माझी गाडी चढावरही व्यवस्थित ओढत होती. तिचा क्लच पूर्ण सुटत नव्हता, आणि ढिली पडलेली, आतून तारा तुटू लागलेली केबल हे त्यामागचे अगदी साधे कारण होते. मेकॅनिकला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा लिव्हर दोन बोटांनी दाबला जात होता आणि न्यूट्रल पहिल्याच प्रयत्नात लागला. खरी फसगत इथेच झाली. हा सगळा गुण एकट्या नव्या केबलचा होता, पण बिलावर प्लेटा लिहिलेल्या असल्यामुळे मी त्याचे श्रेय प्लेटांना दिले आणि समाधानाने पैसे मोजले. काढलेले जुने सामान मी मागितले नाही. बिलात इंजिन ऑइलची नोंद नाही, हेही माझ्या ध्यानात आले नाही. ज्या गाडीचे क्लच कव्हर उघडायचे तिचे ऑइल सहसा आधी काढून घ्यावे लागते आणि नंतर पुन्हा भरावे लागते, एवढे माहीत असते तरी मी तिथेच प्रश्न विचारला असता.

सहा आठवड्यांनी केबल लिव्हरपाशी, अगदी गुल्लीला (लिव्हरमध्ये अडकणाऱ्या तारेच्या टोकावरील धातूच्या गोळीला) लागून तुटली. गाडी ढकलत मी दुसऱ्या, वयाने ज्येष्ठ अशा मेकॅनिककडे नेली. त्यांनी तुटलेले टोक माझ्या तळहातावर ठेवले. तारा एकाच वेळी तुटलेल्या नव्हत्या. काहींची टोके गंजून तांबूस झाली होती आणि दोन-तीनच चकचकीत होत्या. गुल्ली लिव्हरच्या खोबणीत मोकळी फिरावी लागते. ती कोरडी राहिली की प्रत्येक दाबाबरोबर तार त्याच जागी वाकते आणि एकेक तंतू तुटत जातो. ओरिजिनल म्हणून लावलेली ही केबल मूळ केबलपेक्षा आखूडही होती, त्यामुळे ती ठरलेल्या क्लिपांमधून न नेता हेडलाइटच्या मागून ताणून आणलेली होती.

मग त्यांनी आर्मभोवतीचा भाग फडक्याने कोरडा केला आणि इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून मला वाकून पाहायला सांगितले. दांड्याच्या बुडाशी ऑइलचे बारीक कडे जमले होते. बिलात बदललेले म्हणून लिहिलेले सील तेच जुने होते. कव्हरच्या स्क्रूंच्या खाचांत वाळलेला चिखल घट्ट बसलेला होता. तो पेचकसाच्या टोकाने उकरून काढल्याशिवाय पेचकस बसेना. सील बदलण्यासाठी कव्हर उघडले तेव्हा जुने गॅस्केट भाजल्यासारखे चिकटून तुकड्या-तुकड्यांनी निघाले. प्लेटा वापराने काळपट झालेल्या होत्या, तरी कॅलिपरने मोजल्यावर त्यांची जाडी मॅन्युअलमधील मर्यादेत भरली. त्यांनी त्याच परत बसवल्या आणि सील, गॅस्केट, ऑइल व योग्य लांबीची केबल एवढेच घातले. लिव्हरच्या टोकाला सुमारे 10 ते 15 मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे तार ताणली जाण्याआधी लिव्हर सैल हलतो तेवढे अंतर, ठेवली. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले आणि ती चाल बदलत नाही, हे मला स्वतः दाबून पाहायला लावले. पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक टप्प्याचे फोटो मी काढले.

ते घेऊन मी पहिल्या मेकॅनिककडे गेलो. प्लेटा बदलल्याच आहेत, यावर तो ठाम राहिला आणि माझ्या गाडीच्या जुन्या प्लेटा म्हणून त्याने भंगाराच्या ढिगातून एक जोड काढून दिला. तो पट्टीवर ठेवला तर त्याचा घेर माझ्या प्लेटांपेक्षा बोटभर मोठा निघाला. त्यानंतर तो बोलला नाही, पण पैसेही परत केले नाहीत. बिल, फोटो आणि तुटलेली गुल्ली यांसह मी त्याच्याकडे लेखी मागणी दिली आहे आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेतली आहे. अजून उत्तर आलेले नाही.