नेपाळसाठी घेतलेली टँक बॅग: आठ महिन्यांचा वापर आणि वरच्या पारदर्शक खिशाचा ताप

मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीवर बसते त्या माझ्या टँक बॅगेच्या मोठ्या झिपचा रनर निसटून हातात आला, म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. पण झिपवर माझा राग नाही, झिप कोल्हापुरात कुठंही दुरुस्त होते. राग आहे तो बॅगेच्या डोक्यावर शिवलेल्या पारदर्शक खिशावर. ‘कागद आणि नकाशा कायम नजरेसमोर’ असं सांगत तोच खिसा पुढं करून ही बॅग विकतात, आणि त्याच खिशानं माझा सगळ्यात मोलाचा कागद खाल्ला.

कंपनीचं नाव घेत नाही. चुंबकाची, वर वाढणारी, सोबत पिवळं रेन कव्हर, हे सांगितलं की तुमच्या डोळ्यांपुढं येईलच. या किमतीच्या बहुतेक बॅगा एकाच धाटणीच्या असतात, त्यामुळे खिशाचं जे सांगतोय ते इतरांनाही लागू पडेल. माझी गाडी हिमालयन ४११, टाकी लोखंडी, चुंबक घट्ट बसतात. साडेतीन हजार रुपये मोजलेत. एवढ्या पैशात उद्यमनगरात मागचं कॅरिअर बनवून झालं असतं आणि वर दोन ट्यूबा आल्या असत्या. तेव्हा या बॅगेकडून रुपयान् रुपयाचा हिशेब मागणार.

पहिली परीक्षा गगनबावड्याच्या रस्त्यावर जुलैत झाली. तिथला पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कव्हर घातलं तर आत थेंब गेला नाही. कव्हर न घालता साळवणपर्यंत गेलो, तर शिवणीतून ओल आली, कापडातून नाही. पावसात कव्हर काढल्याशिवाय एकही कागद बाहेर निघत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. त्या वेळी मत चांगलंच होतं. दोघा मित्रांना ‘घ्या’ म्हणून सांगितलंही.

आम्ही तिघं दसऱ्यानंतर निघालो. सोनौलीच्या सीमेवरून नेपाळात, मग बुटवल, तानसेन, पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून घरचे म्हणत होते, मग एवढी फाईल कशाला? व्हिसा लागत नाही, पण ओळख लागते आणि ती पासपोर्टनं किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार कार्डानं पटवावी लागते. १५ ते ६५ वयातल्या माणसाचं आधार तिथं चालत नाही. गाडीला भन्सार लागतो. सीमेवरच्या जकात कार्यालयात जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि ती पावती परत बाहेर पडेपर्यंत जिवापाड जपायची. त्यासाठी आरसीचं मूळ कार्ड हवं. इकडं २०१८ पासून डिजिलॉकरमधला आरसी दाखवून भागतं, त्यामुळे निम्म्या लोकांची कार्डं कपाटात कुठं पडलीत ते त्यांनाच माहीत नसतं. सीमेपलीकडं मोबाईलमधला आरसी दाखवून भागत नाही. जायच्या महिनाभर आधी कार्ड हुडकून ठेवा.

आमच्यातल्या एकाची गाडी वडिलांच्या नावावर. त्याला वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्यायला लावलं. दुसऱ्याच्या डोक्यात आंतरराष्ट्रीय परवान्याचं होतं. तो आरटीओत १००० रुपये भरून मिळतो, वर्षभर चालतो, पण नेपाळला आपलं इथलं लायसन्स चालतं. ते हजार रुपये पेट्रोलात घातले.

आता तो कागद. आपल्या गाडीच्या विम्यात क्षेत्र म्हणून भारत लिहिलेलं असतं. सीमा ओलांडली की ती पॉलिसी आपल्या कामाची राहत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्या देशांपुरतं ते क्षेत्र वाढवून मिळतं, विम्याच्या भाषेत आयएमटी १. जादा हप्ता किरकोळ असतो, पण कागद मिळवताना जीव जातो. माझ्या विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर जो भेटेल तो ‘सर, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या’ एवढंच म्हणायचा. ट्रॅव्हल इन्शुरन्स माणसाचा, मी विचारतोय गाडीचं! मेलवर मेल केले, शाखेत जाऊन बसलो. शेवटी तिथल्या एका मॅडमनी स्वतः नियम उघडून वाचला, वर फोन केला आणि संध्याकाळपर्यंत ते पान मेलवर आलं. पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर, वाढीव क्षेत्र नेपाळ. त्या मॅडमचे आभार मानावेत तेवढे थोडे. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर लेझर प्रिंट काढली आणि बॅगेच्या पुस्तिकेत दाखवलंय तशीच, अक्षरं वर करून, पारदर्शक खिशात सरकवली.

सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज. दिवसभर टाकीवर ऊन. गोरखपूरच्या लॉजवर रात्री दुसऱ्या दिवसाचे कागद लावायला बसलो, तर ते पान खिशातून निघेना. प्लॅस्टिकला चिकटलेलं. कोपरा धरून हळू ओढलं तसं चरचरत सुटलं आणि पॉलिसी क्रमांकाचे मधले आकडे कागदावरून गेलेले. गाडीच्या नंबरात एमएच ०९ शाबूत, पुढचे आकडे फिकट राखाडी. अक्षरं गेली होती खिशाच्या आतल्या अंगाला. आतून बघितलं तर उलटी, वरून बघितलं तर सरळ वाचता येत होती. ओल्या रुमालानं घासलं, थुंकी लावून घासलं, निघाली नाहीत. आजही माझ्या पॉलिसीचे चार आकडे त्या बॅगेवर वाचता येतात.

परत आल्यावर याच्या मुळाशी गेलो. हा खिसा मऊ पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊ करायला त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मिसळतात आणि ते हळूहळू बाहेर झिरपत राहतं. नव्या रेनकोटला जो वास येतो तसाच वास या खिशाला पहिल्या दिवसापासून होता. लेझर प्रिंट आणि झेरॉक्सची अक्षरं शाईची नसतात. टोनर म्हणजे प्लॅस्टिकचीच बारीक पूड, उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली. झिरपलेलं प्लॅस्टिसायझर ती पूड पुन्हा मऊ करतं, वरून ऊन आणि दाब मिळाला की ती कागद सोडून प्लॅस्टिकला धरते. थर्मल पावत्यांचं याहून वाईट. पेट्रोल पंपाची बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या या खिशात ठेवल्या की अक्षरं विरून कागद कोरा होतो. माझी खर्चाच्या हिशेबाची निम्मी बिलं अशीच गेली.

स्टेशनरीच्या दुकानात वीस-तीस रुपयांना जी किंचित धुरकट, हाताळताना कडकड वाजणारी फाईल मिळते ती पॉलिप्रॉपिलीनची असते. तिला टोनर चिकटत नाही. मागं त्रिकोणात ५ आकडा असेल तर ती, ३ असेल तर पीव्हीसी. तीस रुपयांच्या फाईलला जे जमतं ते साडेतीन हजारांच्या बॅगेला का जमू नये? खिसा हवाच असेल तर आत पातळ कापडाचं अस्तर द्या, किंवा निदान पुस्तिकेत एक ओळ छापा की छापील कागद थेट ठेवू नका. पुस्तिकेतल्या चित्रात मात्र त्या खिशात छापील कागदच दाखवलाय.

सोनौलीला अडलं नाही, कारण आम्ही निघतानाच एकमेकांचे झेरॉक्स संच अदलाबदल करून ठेवले होते. माझा संच मित्राच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, त्याचा माझ्याकडं. बॅग चोरीला गेली तरी कागद राहावेत म्हणून केलेली सोय इथं उपयोगी पडली. काउंटरवरच्या माणसानं माझं खरवडलेलं पान उजेडात धरून बघितलं, क्रमांक विचारला, दुसरी प्रत दिल्यावर मान डोलावली. पण समजा मी एकटाच असतो तर? त्या रात्री मला झोप आली नाही, ती या खिशामुळं.

आता बाकीच्या बॅगेबद्दल. चुंबक उत्तम, तानसेनच्या वळणांवर बॅग तसूभर हलली नाही. फक्त लावण्याआधी टाकी आणि बॅगेचं बूड दोन्ही पुसून घ्या, धुळीचा कण अडकला की रंगावर ओरखडा नक्की. पेट्रोल भरताना दर वेळी उचलावी लागते, त्याची सवय होते.

आतल्या कापडी कप्प्याबद्दल मी सुरुवातीला नाराज होतो. पाठीकडच्या भिंतीला शिवलेला, अरुंद, पासपोर्ट घालतानाही ओढाताण. जुलैत मित्राला मी त्या कप्प्याबद्दल ‘नुसता देखावा’ असं सांगितलं होतं. पुढं मत बदललं. तो घट्ट आहे म्हणूनच मुक्तिनाथच्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर आतलं काही उसळलं नाही, वाकलं नाही. पासपोर्ट, आरसी, लायसन्स, भन्सारची पावती, सगळं बेनी गावाच्या पुढं त्याच कप्प्यात होतं आणि परत येईपर्यंत कागदाची घडीसुद्धा मोडली नाही. जाळीच्या छोट्या खिशात १०० च्या नोटांचं बंडल (आपल्या १०० ला नेपाळी १६० हा ठरलेला दर, कुठंही पटकन हिशेब होतो), गाडीची दुसरी किल्ली, पासपोर्ट फोटो, पेन आणि डिंकाची कांडी. डिंकाची कांडी नक्की ठेवा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राच्या परवान्याला फोटो लागतात, आणि फोटो असून चिकटवायला काही नसलं की सगळी खिडकी आपल्याकडं बघत बसते. औषधं आणि त्यांची चिठ्ठी मात्र बॅगेत ठेवू नका. बॅग गाडीवर राहते, औषध अंगावर हवं.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. तिथं सकाळी हातमोजे काढवत नाहीत आणि या झिपच्या रनरचं टोक नखाएवढं आहे. मी त्याला बुटाची नाडी बांधली. तेवढ्यानं काम झालं.

इथवर लिहून ठेवलं होतं, मग कंपनीचं उत्तर आलं. खिशाचे फोटो आणि रनरचा फोटो, दोन्ही पाठवले होते. खिशाबद्दल लिहिलंय, ‘उत्पादन थेट उन्हापासून दूर ठेवावे’. टाकीवर लावायची बॅग उन्हापासून दूर कशी ठेवायची, हे विचारलंय, त्याला उत्तर नाही. रनरबद्दल म्हणे वॉरंटी वर्षाची, पण झिप आणि बकल त्यात धरत नाहीत. दुरुस्ती करून देतील, बॅग आपल्या खर्चानं परराज्यातल्या त्यांच्या केंद्रात पाठवायची. जाऊन-येऊन कुरिअरचे पाचशेच्या वर होतात. फोनवरच्या मुलाला म्हटलं, नुसता रनर पाकिटात घालून पाठवा, पोस्टाचे पैसे देतो. तशी पद्धत नाही म्हणाला.

मग लक्ष्मीपुरीत बॅगा दुरुस्त करणाऱ्या मामांकडं गेलो. मी नवी झिप बसवायच्या तयारीनं गेलेलो. त्यांनी दातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “झिप चांगली हाय की. रनर पसरलाय नुस्ता. अख्खी झिप कशाला काढताय?” रनर उलटा करून पाठीवरचा बारीक आकडा दाखवला, आठ. डब्यातनं आठ नंबरचा धातूचा रनर काढला, झिपच्या टोकाची शिवण दोन इंच उसवली, रनर ओवला, पुन्हा शिवून दोरा दातानं तोडला. चाळीस रुपये. वर म्हणाले, दातांवर मेणबत्ती घासत जावा. तेव्हापासून झिप नवी असतानाही चालत नव्हती इतकी गुळगुळीत चालते.

त्यांनाच तो खिसा दाखवला. म्हणाले, हे काढून टाकतो आणि तिथं कॅनव्हासचा झाकणवाला कप्पा शिवतो, दीडशे द्या. पुढच्या आठवड्यात टाकतोय. मोबाईल दिसावा म्हणून खिसा हवा असेल त्यांनी राहू द्यावा, कोरड्या हवेत त्यासाठी तो ठीक आहे. पावसात आतून वाफ धरते आणि रस्ता दिसत नाही.

पाचपैकी साडेतीन. खिसा नसता तर साडेचार दिले असते. किमतीत पाचशे कमी झाले तर घ्यायला हरकत नाही, पण घेतानाच एक पॉलिप्रॉपिलीनची फाईल सोबत घ्या आणि वरच्या खिशात कागद म्हणून काही ठेवू नका.

यंदा फुंटशोलिंगवरून भूतानला जायचं चाललंय. तिथं आपल्या माणसाला रात्रीमागं १२०० रुपये शुल्क आहे, त्यामुळे मुक्काम मोजूनच करणार. विम्याचं वाढीव क्षेत्र मागच्या पॉलिसीबरोबरच संपलं, ते पान पुन्हा मागावं लागणार. त्याच शाखेत मेल टाकलाय, या वेळी विषयातच ‘आयएमटी १, भूतान’ लिहून.