वाढीची नोंद ठेवणारं ॲप : बाळाला पाच तारे, थोरल्याला दोन

मी हिशेब तपासण्याचं काम करते. आकडा दिसला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा हा रिव्ह्यू जरा लांबणार. या ॲपवर आमची तीन खाती आहेत. साडेतेरा वर्षांचा थोरला, साडेअकरा वर्षांची धाकटी आणि बहिणीचं बाळ. बहिणीला फॉर्म भरायचा कंटाळा, म्हणून तेही माझ्याच गळ्यात.

बाळाचा भाग सुरेख केलाय, यात वादच नाही. पाच वर्षांपर्यंतचे आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आहेत आणि ॲप ते स्पष्ट लिहितं. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजून ही मानकं तयार झाली. कुठल्याही देशातलं, नीट पोषण मिळालेलं बाळ या वयात साधारण सारखंच वाढतं, हा त्यामागचा आधार. आमचं बाळ वेळेआधी जन्मलं. ॲपने कितव्या आठवड्यात जन्म झाला ते विचारून वय आपलं आपण दुरुस्त करून घेतलं. दोन वर्षांच्या आत बाळाला झोपवून मोजायचं आणि पुढे उभं करून, यात सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो. तोही ॲप सांभाळतं. ही बारीक गोष्ट किती जण बघतात?

टप्प्यांच्या बाबतीतही ते उगाच घाबरवत नाही. एकट्याने चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा रुंद पट्टा म्हणून दाखवतं, तारीख म्हणून नाही. काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात, हेही लिहिलंय. बहिणीच्या सासूबाईंना मी तो पट्टा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग एवढे दिवस मला कोणी सांगितलं का नाही?" बाळाच्या खात्यावर माझे पाच तारे याच पट्ट्यासाठी.

खाली बऱ्याच जणांनी तक्रार केली आहे की दहा वर्षांनंतर वजनाचा आलेख गायब होतो. तो बग नाही हो! वयानुसार वजनाचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनाच दहा वर्षांपुढे देत नाही. त्या वयात काही मुलं झपाट्याने उंच होतात. त्यांचं वजन वाढलेलं दिसतं, पण ती जाड झालेली नसतात. म्हणून पुढे उंचीच्या हिशेबात वजन बघायचं, म्हणजे बीएमआय. एवढं समजून घेऊन ॲप बनवणाऱ्यांनी पुढच्या गोष्टीत मात्र माती खाल्ली आहे.

थोरला अकराव्या वर्षी पंचविसाव्या पर्सेंटाइलवर होता, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण पंचवीस जण त्याच्याहून बुटके. आता तो १४९ सेंटीमीटर आहे आणि दहाव्याच्याही खाली गेलाय. ॲपने लाल बाण दाखवला, "वाढ मंदावली आहे" असा मजकूर टाकला, आणि त्याच पानावर उंची वाढवणाऱ्या पावडरची जाहिरात. संताप येतो तो इथे. नीट खाणाऱ्यापिणाऱ्या निरोगी मुलाची उंची असल्या डब्यांनी वाढत नाही, आणि आधी भीती घालून मग डबा पुढे करायचा हा धंदा बाळांच्या पानावर नाही, मोठ्या मुलांच्याच पानावर आहे.

मुळात लाल बाणामागचं गणितच लंगडं आहे. ॲप वय काढतं जन्मतारखेवरून. बाळाला ते चालतं. वयात येणाऱ्या मुलांना नाही. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ मध्ये कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४ मध्ये. म्हणजे एकाच वर्गात, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो, आणि दोघंही ठणठणीत असतात. थोरल्याच्या वयाची मुलं भराभर उंच होतायत, त्याची ती वेळ अजून यायची आहे, म्हणून तो मागे पडल्यासारखा दिसतो. शिवाय ही उसळी यायच्या आधी वाढीचा वेग जरा कमी होतो, वर्षाला चार-पाच सेंटीमीटरवर येतो. त्याचं नेमकं तेच चाललंय. मग मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत वेग जातो. मुलींचं हे जवळजवळ दोन वर्षं आधी होतं, म्हणून आमची धाकटी १५३ सेंटीमीटर, दादापेक्षा उंच, आणि घरात त्यावरून रोज चिडवाचिडवी.

आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी आम्हा दोघांची उंची विचारली, त्याला तपासलं, डाव्या मनगटाचा एक्स-रे बघून हाडांचं वय काढलं, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत ते. ते जन्मतारखेच्या मागे आहे, म्हणजे त्याची वाढ अजून बाकी आहे. बस, एवढंच. मुलात चौदापर्यंत आणि मुलीत तेरापर्यंत वयात येण्याची काहीच खूण नसेल, किंवा मुलीत आठच्या आणि मुलात नऊच्या आतच सुरुवात झाली, तर दाखवायला या, असं त्यांनी सांगितलं. ही चार वयं ॲपमध्ये कुठेही नाहीत. असायला हवीत, लाल बाणाच्या जागी.

आणि वेगाचा आलेख का नाही? खात्यातली शिल्लक बघून या वर्षी कमाई किती झाली ते कळत नाही, तसंच नुसत्या उंचीवरून वाढीचं कळत नाही. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ आपल्या मुलाची उंची नियमित मोजून ठेवली. त्या आकड्यांवरूनही किशोरवयातली उसळी स्वच्छ दिसते. कागद-लेखणीच्या काळात जे दिसलं ते या ॲपला दाखवता येऊ नये?

मोजमापाची सूचनाही अर्धवट आहे. माणूस सकाळी उंच असतो, संध्याकाळी मणक्यातल्या चकत्या दबून सेंटीमीटरभर बुटका होतो. ॲप वेळ विचारतच नाही. धाकटीला तिच्या बाबांनी रात्री मोजलं, मी काही दिवसांनी सकाळी, तर स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस आणि "अभिनंदन!"

मानसिक आणि सामाजिक वाढीचा विभाग पैसे भरल्यावर उघडतो. भरू नका. पंचवीसेक प्रश्न, मग शंभरपैकी गुण. "मूल मनातलं पालकांशी बोलतं का?" याला "क्वचित" म्हटलं की गुण कापले. "मित्रांच्या मताला जास्त महत्त्व देतं का?" याला "हो" म्हटलं की कापले. "रात्री उशिरा झोपतं का?" पुन्हा कापले. अहो, तेराव्या वर्षी दार लावून मित्रांशी तासन् तास बोलणं हीच तर त्या वयाची सामाजिक वाढ! आणि झोपेचं म्हणाल तर या वयात शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरकच, रात्री उशिरा वाढायला लागतं. लवकर झोप न येणं हा हट्ट नसतो, पण सकाळी उठावं तर वेळेवरच लागतं, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. ॲपने झोपेचे तास विचारले असते तर काही उपयोग झाला असता. ते विचारतं फक्त झोपायची वेळ.

शेवटची तक्रार खासगीपणाची. धाकटीच्या पाळीच्या अंदाजाची सूचना घरातल्या सगळ्यांच्या टॅबलेटवर, तिचा दादा गेम खेळत असताना, मोठ्या अक्षरांत वर आली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सूचना बंद करायचं बटण सेटिंगमध्ये तीन पानं आत आहे. मुलांना स्वतःचं खाते-कुलूप नाही, काय दिसावं नि कोणाला, हे ठरवायचा अधिकार नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराची नोंद आणि तिच्याच हाती काही नाही.

बाळाचं खातं चालू ठेवते आहे. दोघा मोठ्यांची बंद केली. त्यांचे जुने आकडे काढून घ्यायला गेले तर फाईल मिळत नाही, फक्त आलेखाचं चित्र मिळतं, तेही ॲपच्या जाहिरातीसकट. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले आणि शेजारी एक रकाना आखला : मागच्या वेळेपासून वाढ किती.