रिॲकट्रान: समुद्रतळाच्या गाळातला कार्बन आणि माझे आठ महिने

मुलुंडहून ऐरोली पुलावरून घरी येताना ओहोटी असली की बसच्या खिडकीतून तो वास येतोच. काळा चिखल, तिवरं आणि हायड्रोजन सल्फाइड. बारावीच्या मुलांना मी सांगते, नाक दाबू नका, हे रसायनशास्त्र आहे: प्राणवायू संपला की जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून सेंद्रिय पदार्थ कुजवतात. हेच खोल समुद्राच्या तळाशी, गाळाच्या कणांमधल्या पाण्यात कसं घडतं ते गणितात मांडायचं म्हणून मी त्रेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं. त्या कामासाठी गेले आठ महिने रोज रात्री जे वापरतेय, त्याबद्दल हे लिहितेय.

रिॲकट्रान हे ‘आर’ या संगणकभाषेतलं पॅकेज. कार्लीन सूटार्ट आणि फिलिप मेसमन यांनी लिहिलेलं, पूर्ण मोफत. गाळाचे पातळ थर पाडायचे आणि प्रत्येक थरात विसरणाने (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरून) किती आलं-गेलं, अभिक्रियेने किती तयार झालं किंवा संपलं, याचा हिशेब मांडायचा. वहनाचा भाग पॅकेज सांभाळतं, अभिक्रिया आपण लिहायच्या. माझ्या ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ४०० थर आणि ५ पदार्थ, म्हणजे २००० अज्ञातं, दोन-तीन सेकंदांत सुटतात. सोबत मारेलॅक हे त्याच मंडळींचं पॅकेज घ्याच. तापमान आणि क्षारता दिली की विसरणाचे गुणांक देतं. मी आधी ते पुस्तकांतून उतरवत होते आणि सेकंद-वर्ष यांच्या घोळात एक आठवडा घालवला होता.

यात समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) तयार सोय नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. मी पहिल्या महिन्यात डेल्टा मूल्यच (ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत जड कार्बन-१३ दर हजारी किती कमी-जास्त ते; उणे म्हणजे हलका कार्बन) थराथरातून विसरणाने पसरू दिलं. आलेख इतका गुळगुळीत आला की मी तो मार्गदर्शक बाईंना पाठवूनही दिला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘अगं, डेल्टा हे गुणोत्तर आहे. वाहतो तो पदार्थ.’ मग कार्बन-१२ आणि कार्बन-१३ हे दोन वेगळे पदार्थ म्हणून लिहिले, मिथेनसाठी दोन आणि विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनसाठी (मुख्यतः बायकार्बोनेट) दोन. पाचवं सल्फेट. शेवटी दोघांचं गुणोत्तर काढून डेल्टा.

इथे अचूकतेची कसोटी लागते. पाण्यात लिटरमागे २२ मिलिमोल कार्बन असेल तर त्यात कार्बन-१३ सुमारे ०.२४ मिलिमोल. डेल्टा दर हजारी १ ने हलायला त्यात फक्त ०.०००२४ चा फरक पुरतो. त्यामुळे उत्तर शोधताना चालणाऱ्या त्रुटीची मर्यादा दोन-तीन पायऱ्यांनी कडक करावी लागली, नाहीतर वरच्या थरांत उगीच दातेरी रेषा येत होती. आणि सल्फेट-मिथेन संक्रमण पट्ट्याच्या (जिथे वरचं सल्फेट संपतं आणि खालचं मिथेन सुरू होतं) वर मिथेन जवळजवळ शून्य होतं. तिथलं मिथेनचं डेल्टा मूल्य आलेखावर काढूच नका, ते निरर्थक असतं.

ज्या एका गोष्टीसाठी मी या पॅकेजची ऋणी आहे ती आता सांगते. संक्रमण पट्ट्यात वरून येणारं सल्फेट आणि खालून येणारं मिथेन एकमेकांना संपवतात आणि मिथेनचा कार्बन बायकार्बोनेटमध्ये जातो. सूक्ष्मजीवांनी केलेलं मिथेन फार हलकं. मी त्याचं डेल्टा उणे ७५ धरलं. मग तिथलं बायकार्बोनेटही तितकंच हलकं असायला हवं, असं मला वाटत होतं. मॉडेलने उणे २० दाखवलं. मी दोन रात्री चूक शोधत बसले आणि चूक नव्हतीच. खाली मिथेन तयार होताना तितकाच कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. मूळ सेंद्रिय पदार्थ उणे २२ चा, मिथेन उणे ७५ चं, तर उरलेला कार्बन अधिक ३१ चा व्हायलाच हवा. तो जड कार्बनही विसरणाने त्याच पट्ट्यात वर येतो आणि दोन्हींची सरासरी पुन्हा उणे २२. असा २० मिलिमोल कार्बन समुद्राच्या पाण्यातल्या, डेल्टा शून्याजवळ असलेल्या २ मिलिमोलमध्ये मिसळला की उणे २०. वहीवर तीन ओळींत बसतं, पण थर मांडल्याशिवाय मला ते सुचलं नसतं.

म्हणूनच प्रत्यक्ष नमुन्यात पट्ट्यातलं डेल्टा मूल्य याहून बरंच जास्त उणे दिसलं की आता मी लगेच विचारते: मिथेन आणखी खोलातून येतंय का? की जड कार्बन कार्बोनेट खनिजांत अडकून किंवा गाळासोबत खाली पुरला जाऊन वर पोचतच नाहीये? कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या मोहिमेत गॅस हायड्रेट (बर्फासारख्या घन रूपात अडकलेलं मिथेन) मिळालं, तशा जागांचे आकडे वाचताना हे प्रश्न फार उपयोगी पडतात.

मदतीची पानं उत्तम आहेत, उदाहरणं चालवून बघता येतात. पण विकलक समीकरणांची (डिफरन्शियल इक्वेशन्सची) भीती असेल, तर आधी कागदावर पाच थरांचा हिशेब हाताने करा. स्थिर स्थितीचं (काळानुसार न बदलणारं) उत्तर मिळालं म्हणून ते खरं मानायची घाईही नको: ५ मीटर गाळ विसरणाने ओलांडायला सल्फेटला साधारण हजार वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात वरचा गाळ बदललेला असू शकतो. कालानुसार चालणारी आवृत्ती मी आता लिहायला घेतलीय, त्यात कार्बोनेटही घालणार आहे. पाच तारे.