शेकायचा इलेक्ट्रिक पॅड - सात महिने वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये अकराशेला घेतला होता. कंपनी सांगत नाही, सगळे साधारण सारखेच असतात.

माझं दुखणं एका जागी नव्हतंच, आज पिंढऱ्या उद्या पाठ, सकाळी उठलं की अंग ठेचून काढल्यासारखं, ताप नाही काही नाही. आई म्हणायची निर्गुडीचा पाला गरम करून शेक घे, आता चौथ्या मजल्यावर निर्गुडी कुठून आणू, म्हणून पॅड.

आराम पडतो, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटांत आखडलेली पाठ सैल होते. वेल्क्रो मात्र तीन महिन्यांत गेलं, आता ओढणीने बांधते. आणि हा आपोआप बंद होत नाही, तिथेच माझी वाट लागली, कारण मी चालू ठेवूनच झोपायला लागले. फेब्रुवारीत लेक म्हणाली मम्मी तुझ्या कंबरेवर हे जाळं कसलं? बघते तर तपकिरी रेघांची जाळी, कोळ्याने विणल्यासारखी, दुखत नाही खाजत नाही. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, रोज शेकता का? म्हणे चटका बसला नाही तरी मंद उष्णता रोज एकाच जागी लागत राहिली की असं होतं, काश्मीरमध्ये कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, जवळ धरून बसणाऱ्यांना पोटामांड्यांवर हेच होतं.

आणि त्यांनीच विचारलं, मुळात रोज शेकायला लागतंच का? हे मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं हो! रक्त तपासलं तर थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक, व्हिटॅमिन डी फक्त 9, वीसच्या खाली कमीच धरतात. बरोबरच आहे, सकाळी आठला घराबाहेर, दिवसभर एसीत, अंधार पडल्यावर घरी, ऊन लागणार कधी. व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधातून आणि जेवणानंतर, कारण तेलातुपासोबत ते अंगी नीट लागतं. दीडेक महिन्याने एक दिवस लक्षात आलं की आज उठताना कण्हले नाही. (शेजारच्या काकू माझं बघून स्वतःच आणून घेणार होत्या, त्यांना थांबवलं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शिअम वाढतं.)

आता पॅड पाळीच्या दिवसांत आणि प्रवास करून आल्यावरच, तोही मधल्या सेटिंगवर, मोबाईलला अलार्म लावून. डाग फिके होतायत पण गेले नाहीत. नवऱ्याने पाय मुरगळल्या मुरगळल्या शहाणपणा करून हाच पॅड लावला, तासाभरात घोटा टम्म, ताज्या सुजेला बर्फच लावायचा असतो.

पाचपैकी तीन स्टार. घेणार असाल तर आपोआप बंद होणारा घ्या, दोनशे जास्त गेले तरी जाऊदे, आणि कव्हर निघतं का बघा, माझं धुता येत नाही आणि महानारायण तेलाचा वास त्यात असा मुरलाय की कपाट उघडलं की आजोळच आठवतं.