बीटलचा सायलेन्सर बदलताय? मग कार्बोरेटरचंही आत्ताच ठरवा

जुन्या फोक्सवॅगन बीटलला चार नळ्यांचा हेडर, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर मोकळेपणानं बाहेर काढणारा एक्झॉस्ट, लावायचा मोह बहुतेकांना होतो. आवाज भरदार येतो, गाडी मोकळी पळते. पण धूर सहज बाहेर पडू लागला की इंजिन हवाही जास्त ओढतं. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, जुनंच ठेवलं तर त्या हवेला पेट्रोल पुरत नाही, मिक्श्चर लीन होतं आणि इंजिन तापतं. हे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं, आणि नागपुरात मे महिन्यात ती हवाच 45 अंशांची असते.

मित्राच्या 1600 सीसी गाडीला आम्ही हेडर बसवला, जेटला हात लावला नाही. भर उन्हात वर्धा रोडनं बुटीबोरीला जाऊन आलो. तीन नंबरचा प्लग काढला तर टोक चुन्यासारखं पांढरं, त्यावर बारीक चकाकते मणी. अजून थोडं अंतर चालवली असती तर व्हॉल्व्ह गेला असता. जुन्या रचनेत ऑइल कूलर याच सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो, म्हणून आधी तापतो तो तीन नंबर.

मूळ सायलेन्सर आणि मूळ सोलेक्स कार्बोरेटर ही जोडी कंटाळवाणी वाटते, पण गाडी रोज धरमपेठ ते सीताबर्डी अशीच फिरणार असेल तर माझं मत तिलाच. जेट साफ करा, थंड इंजिनवर टॅपेटची फट 0.15 मिलिमीटरला लावा, ठिणगीचं टायमिंग तपासा. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. एक गोष्ट मात्र आता बदलली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच जेटवर मिक्श्चर आपोआप लीन. त्यामुळे मूळ सायलेन्सर असला तरी मेन जेट एक पायरी मोठं लावून बघणं योग्य. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचं माप: 127.5 म्हणजे 1.275 मिलिमीटर. पुढची पायरी 130. जुने रबरी पाइपही याच वेळी बदला, इथेनॉलनं ते मऊ पडून पाझरतात.

हेडर आणि एकच सोलेक्स ही जोडी हायवेवर, रामटेकला वगैरे जाणाऱ्यांसाठी चांगली, फक्त तयारी पूर्ण हवी. मेन जेट एक-दोन पायऱ्या वर न्यायचं, आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालण्याचा वेग, नव्यानं लावायचं. इन्टेक मॅनिफोल्डखालून जाणारी, त्याला धुरानं गरम ठेवणारी हीट रायझरची नळी हेडरला जोडता येते का, हे घेण्याआधी बघा. ती बंद झाली तर डिसेंबरच्या सकाळी मॅनिफोल्डवर दव धरतं आणि पिकअप देताना गाडी अडखळते. उन्हाळ्यात तिची उणीव जाणवतही नाही. दुसरी चूक त्याहून महाग पडते. हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुराच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणारे भाग, काढून साध्या नळ्या लावल्या की पंख्याच्या कवचावरची हीटरची दोन तोंडं उघडी राहतात. ती बुजवली नाहीत तर सिलिंडरला मिळायची हवा तिथूनच निघून जाते. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर व्हॅक्यूमवालाच ठेवा. व्हॅक्यूम नसलेला 009 डिस्ट्रिब्युटर लावला की एका सोलेक्सवर पॅडल दाबताच खड्ड्यात पडल्यासारखं होतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट येत असेल तर जेटला दोष देण्याआधी सायलेन्सरचे जोड तपासा, बऱ्याचदा तिथूनच हवा शिरते.

हेडर आणि दोन वेबर कार्बोरेटर ही तिसरी वाट. ताकद सर्वात जास्त, हीट रायझरची गरज नाही, कारण कार्बोरेटर सिलिंडर हेडच्या जवळच असतात. पण दोन्ही बाजू सारख्या लावणं हे गरम इंजिनवरच करायचं काम आहे. इंजिन तापून रुंदावतं आणि दोन्ही कार्बोरेटर एकत्र हलवणारं लिंकेज सरकतं. बारीक आयडल जेट आपल्या धुळीत तुंबतात. हे काम स्वतः करणार असाल किंवा ते जाणणारा मिस्त्री हाताशी असेल तरच या वाटेला जा.

हेडर मागवणार असाल तर त्याच पार्सलमध्ये दोन-तीन मापांचे जेट मागवा आणि काम फेब्रुवारीत उरका. मग कामठी रोडवर दहा-बारा किलोमीटर एका वेगानं चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, बाजूला थांबा आणि तीन नंबरचा प्लग काढा. रंग बिस्किटासारखा आला तर जेट बरोबर. पांढरा आला तर एक पायरी वर न्या आणि पुन्हा तोच फेरा मारा.