चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी आणि जळगाव एमआयडीसीतलं बिनबोर्डाचं गॅरेज

ज्यांची गाडी कुठेही, कधीही, काही न सांगता बंद पडते आणि मेकॅनिककडे नेली की शहाण्या पोरासारखी चालते त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. ऑइल बदलायचं असेल, सर्व्हिसिंग करायचं असेल तर बाकी पन्नास गॅरेज आहेत, इथं जाऊ नका, गॅरेजचे मालक आबा तसंही तुम्हाला हाकलून देतील.

गॅरेज अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीत आत गेलं की चटईच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. बोर्ड नाही. पत्र्याचं शेड, बाहेर दोन-तीन एस्टीम आणि एक झेन कायम उभी, आणि बसायला केळीचे रिकामे क्रेट. मालकाला सगळे आबा म्हणतात. साठीच्या पुढचे असतील, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाड्या इकडे नव्या होत्या तेव्हापासून वायरिंग आणि सेन्सरचंच काम करतात.

माझी गाडी सॅन्ट्रो झिंग, 2005 ची पेट्रोल. पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करून ठेवलीये, बॉडी ठणठणीत, घरच्यांचा जीव आहे तिच्यावर त्यामुळे विकायचा विषय नाही. प्रॉब्लेम असा की उन्हाळ्यात हायवेला अर्धा-पाऊण तास चालली की एकदम इंजिन बंद. धक्का नाही, आवाज नाही, आधी चेक इंजिनचा लाइट नाही, गाणी चालू, एसीचा ब्लोअर चालू आणि इंजिन गुल. स्टेअरिंग जड होतं, ब्रेक एक-दोनदा नीट लागतो आणि मग तोही कडक, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनच बनवतं ना. धुळे रोडला मागे चौदा चाकी ट्रक असताना हे झालं की काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. मग साइडला अर्धा तास उभं राहायचं, बोनेट उघडायचं, पाणी प्यायचं आणि सेल मारला की गाडी पहिल्या झटक्यात चालू. घरी येईपर्यंत एकदम झकास.

आबांकडे जायच्या आधी ही गाडी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली. एकाने प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या, एकाने थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) साफ केली आणि आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणारा, व्हॉल्व्ह टाकला, आणि एकाने मागचं सीट काढून टाकीतला फ्युएल पंपच बदलला, वर त्याला करंट देणारा स्विच, रिलेही. पंपवाल्याचं लॉजिक ऐकायला बरोबर वाटत होतं, गाडी बंद पडल्या पडल्या त्याने चेक केलं तर पंपाला करंटच येत नव्हता. मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांनी स्कॅनर लावला, कोड नाही म्हणाले, गाडी ओके, धुऊन दिली. मी स्वतः स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल मागवलं होतं, ते या गाडीशी बोललंच नाही, आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने आपला बिघाड कोडने सांगायची सोय, सक्तीची झाली ती 2010 च्या एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने, त्याच्या आधीच्या गाड्यांना ती डोंगलं लागतील याचा नेम नाही, पैसे घालवू नका.

आबांनी बोनेट उघडलंच नाही आधी. क्रेटवर बसवलं, चहा मागवला आणि विचारायला लागले. गरम असताना बंद पडते का थंड असताना? सिग्नलला उभी असताना का पळताना? आधी गचके देते का? टाकी किती भरलेली असते? आणि एक प्रश्न जो मला आजवर कोणी विचारला नव्हता, बंद पडते तेव्हा गाडी गिअरमध्ये पळतच असते ना, मग आरपीएमचा काटा हळूहळू उतरतो का धाडकन शून्यावर पडतो? मी म्हणालो धाडकन. त्यावर ते नुसते हं म्हणाले आणि पोराला वायरचं बंडल आणायला सांगितलं.

हे का विचारलं ते नंतर समजावलं त्यांनी. क्लच दाबलेला नसेल तर पेट्रोल संपलं तरी चाकांमुळे इंजिन फिरतच राहतं, म्हणजे काट्याने गाडीच्या स्पीडबरोबर हळूहळू उतरायला पाहिजे. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, याचा अर्थ गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हे दिसतच नाहीये. आणि गाडी गचके देत, दम तोडत बंद पडत असेल तर आधी पेट्रोलच्या लाइनीत शोधायचं, फिल्टर, पंप, टाकीतली घाण. फक्त सिग्नलला उभी असताना मरत असेल तर थ्रॉटल बॉडी, आयडलचा व्हॉल्व्ह नाहीतर कुठेतरी हवा खेचणारा फुटका पाइप. आणि बटण दाबल्यासारखी पटकन मरत असेल तर करंट किंवा सेन्सर. एवढं तर मला आधीच्या कोणीही सांगितलं नव्हतं, सगळे थेट पाना घेऊन आत.

तरी तेवढ्यावर त्यांनी सेन्सर मागवला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. म्हणाले, "गाडी आधी बंद पडू द्या भो, मंग समजी कोठे दुखस ते." दोन छोटे बल्ब घेतले, एक फ्युएल पंपाच्या सप्लायला जोडला, एक मेन रिलेतून कॉम्प्युटरला जाणाऱ्या करंटला, दोन्हीच्या वायरी बोनेटमधून आत आणून डॅशबोर्डवर चिकटपट्टीने चिकटवल्या. एकावर मार्करने प, दुसऱ्यावर म. लॅपटॉप नाही, काही नाही.

मग दुपारी दोनला, मुद्दाम दोनला, एसी फुल करून आम्ही निघालो. मे महिना, जळगाव-भुसावळकडचं ऊन काय असतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही, चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर इकडे पेपरलाही विशेष बातमी नसते. बांभोरीचा गिरणेचा पूल, विद्यापीठ, पाळधी, एरंडोलपर्यंत काही नाही. आबा शांत, मांडीवर पाण्याची बाटली. एरंडोलहून वळलो आणि पाळधीच्या अलीकडे गेली. प चा बल्ब विझला, म चा जळतच राहिला, काटा शून्यावर.

आता इथं खरी गंमत आहे. पंपाचा बल्ब विझला म्हणजे पंपवाल्या मेकॅनिकने जे पाहिलं ते खरंच होतं, करंट नव्हता. पण तो करंट कॉम्प्युटरच बंद करतो. इंजिन फिरत नाहीये असं त्याला वाटलं की तो पंप थांबवतो, म्हणजे अपघातात पाइप फुटला तरी पेट्रोल रस्त्यावर सांडत राहू नये. त्यामुळे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर मेला की स्पार्क पण जातो आणि पंप पण जातो, दोन्ही एकाच वेळी. पंप तपासणाऱ्याला पंप मेलेला दिसतो, स्पार्कची कॉइल तपासणाऱ्याला कॉइल मेलेली दिसते आणि दोघंही आपापला पार्ट बदलून मोकळे.

हॅझर्ड लावून गाडी कडेला घेतली. आबांनी स्कॅनर काढला (आहे त्यांच्याकडे, जुना, पण या गाडीशी बोलणारा), मला सेल मारायला लावला, सेल व्यवस्थित फिरतोय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य. मग पोरगा गाडीखाली शिरला आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी जो क्रँक सेन्सर बसतो त्याच्यावर बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. वाफ आली. दोन मिनिटं थांबून परत सेल, गाडी चालू. जिथे एरवी अर्धा तास उभं राहायचो तिथे पाच मिनिटं पण नाही. "तापना की मरस, थंडा व्हयना की जित्ता," आबा एवढंच म्हणाले आणि सीटवर मागे टेकून झोपले.

गॅरेजला येऊन सेन्सर काढून दाखवला. मल्टिमीटर लावला तर थंड असताना आकडा दाखवतो, हॉट एअर गनने तापवला की आकडा गायब, सर्किट ओपन. आतली बारीक तार गरम झाली की सुटते आणि थंड झाली की परत टेकते. म्हणून कोड पण साठला नसेल, आणि तसंही या जुन्या गाड्यांमध्ये कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजायचं कारण नाही. नवीन सेन्सर टाकायच्या आधी त्यांनी कनेक्टरच्या पिना आणि वायर हलवून बघितली, इंजिनची अर्थिंग काढून घासली, कारण म्हणे कधी कधी सेन्सर चांगला असतो आणि एक्झॉस्टजवळून जाणारी वायरच भाजलेली असते, मग नवा सेन्सर पण महिन्यात बदनाम. सेन्सर कंपनीचाच घ्या म्हणाले, लोकल घेऊ नका, लोकल पुढच्या मेपर्यंत टिकत नाही.

पैशाचं सांगतो. शोधायचे पाचशे वेगळे घेतात, आणि हे आधीच सांगतात. बऱ्याच लोकांना हे खटकतं, नुसतं बघायचे कसले पैसे म्हणून, पण मला उलट हे बरोबर वाटलं, कारण बाकीचे बघायचे पैसे घेत नाहीत म्हणूनच पार्ट विकून काढतात. मजुरी किरकोळ. सेन्सरचे जेवढे गेले त्याच्या कितीतरी पट आधी पंपात गेलेत.

आता वैतागायच्या गोष्टी. फोन उचलत नाहीत. गाडी ठेवून जा म्हणतात आणि कधी मिळेल ते सांगत नाहीत, कारण बंद पडल्याशिवाय हात लावायचा नाही हा हट्ट, त्यामुळे ज्याची गाडी पंधरा दिवसांतून एकदा पडते त्याने काय करायचं ते त्यालाच माहीत. बिल वहीच्या कागदावर. पोरांनी डॅशबोर्डखालचं कव्हर बसवताना एक क्लिप हरवली, ते आता खड्ड्यात खडखडतं. डिझेल कॉमन रेल घेत नाहीत. आणि पंख्याखाली जागा फक्त आबांना.

बसलो होतो तेव्हा आणखी एक किस्सा बघितला. अमळनेरकडचे एक काका कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती 800 घेऊन आलेले, उन्हात घाटात बंद पडते म्हणून, आणि येता येताच सुरू झाले की आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे त्याच्यामुळेच होतंय सगळं. आबांनी वाद घातला नाही. रबरी पाइप बोटाने दाबून बघितले, एक चिरलेला निघाला तो बदलला, म्हणाले जुन्या रबराला इथेनॉल चांगलं नाहीच, पण तुमची गाडी बंद पडते ती पेट्रोलची पाइपातच वाफ होते म्हणून. पाइप इंजिनच्या गरम भागापासून लांब क्लिपने बांधून दिला आणि ओला फडका पंपावर टाकायची जुनीच युक्ती सांगितली, ज्यावर काका म्हणाले ते तर माझे वडील पण करायचे, आणि सगळे हसले. त्यांच्याकडून पाचशे घेतले नाहीत, म्हणे बंद कुठे पाडली आपण.

माझी गाडी त्यानंतर उरलेला मे आणि अर्धा जून हायवेला पळालीये, चोपड्याला, धुळ्याला, एकदा औट्रम घाट चढून वर, काटा जागेवर. जायचं असेल तर सकाळी लवकर जा, गाडी कधी कशी बंद पडते ते कागदावर लिहून न्या, टाकी किती होती, एसी चालू होता का, किती वेळ चालल्यावर, काटा कसा पडला, सगळं, आणि पेट्रोल निदान अर्धी टाकी ठेवा, आबा तुमच्याच पेट्रोलवर एरंडोल दाखवून आणतात.