महाविद्यालयाचा नवा लॅक्रोस संघ आणि त्याचे प्रशिक्षक : बेळगावच्या एका पालकाचा अभिप्राय

बेळगावातील एका महाविद्यालयाने गेल्या वर्षी मुलांचा लॅक्रोस संघ नव्याने उभा करण्यासाठी बाहेरून प्रशिक्षक नेमले. माझा धाकटा मुलगा त्या संघात बचावाला खेळतो, आणि मी स्वतः तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेलो असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहून सराव पाहत आलो आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ओळखीचे पालक विचारतात, हा खेळ कसला आणि या सरांच्या हाती मुलगा सोपवावा का. त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

खेळ थोडक्यात सांगतो. काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. तिच्यातच भरीव रबरी चेंडू झेलायचा, धावताना सांभाळायचा आणि सहा फूट लांब व सहा फूट उंच गोलात मारायचा. उत्तर अमेरिकेतील हौडेनोशोनी आणि इतर मूळ रहिवासी लोकांचा हा खेळ आहे. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची पदके दिली गेली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात तो लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या स्पर्धांसाठी क्रिकेटबरोबरच मंजूर झाला. महाविद्यालयाने संघ काढण्याचे ठरवले ते या बातमीनंतरच.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस मुले आली होती, दिवाळीनंतर एकोणीस उरली. या एकोणिसांतले अर्धेअधिक असे होते की ज्यांना क्रिकेट, फुटबॉल किंवा हॉकीच्या निवडीत कोणी घेतले नव्हते. सरांनी गळतीचे दुःख केले नाही, तसेच संख्या भरून काढण्यासाठी कोणाला आग्रहही केला नाही. पूर्ण मैदानी खेळाला एका बाजूला दहा खेळाडू लागतात, म्हणजे आपसात सामना खेळायचा तरी वीस मुले हवीत. त्यांनी तो विचार सरळ पुढे ढकलला आणि ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा सहा-सहा खेळाडूंचा प्रकार निवडला. त्यात मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असते, आठ-आठ मिनिटांचे चार डाव असतात, आणि चेंडू ताब्यात आल्यावर ३० सेकंदांत गोलावर फटका मारावा लागतो. महाविद्यालयाच्या हॉकीच्या मैदानात हे सहज बसले. या प्रकारात बचावाच्या लांब काठ्या लागत नाहीत, त्यामुळे तो खर्चही वाचला. या एका निर्णयामुळे एकोणीस मुलांना रोज खरा सामना खेळता आला, आणि माझ्या मते संघ टिकला तो यामुळेच.

शिकवण्याची त्यांची रीत मला विशेष भावली, कारण प्रत्येक मुलगा आधी काय खेळून आला आहे हे ते विचारत आणि तेथूनच सुरुवात करत. हॉकी खेळलेल्या मुलांची काठी सारखी जमिनीकडे झुके, म्हणून त्यांना आठवडाभर फक्त खांद्यावरून फेकायला लावले. तालमीतून आलेल्या दोघांना समोरच्याला कवेत धरण्याची सवय होती; येथे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे नियमबाह्य आहे, म्हणून ती मोडायला चांगले दोन महिने गेले. कबड्डीच्या मुलांना मात्र फार थोडे सांगावे लागले. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या कमरेकडे पाहायचे आणि बाजूला सरकत त्याची वाट अडवायची, हे आमच्याकडच्या मुलांच्या अंगात मुरलेले असते. सरांनी तोच बचाव काठीसह करून घेतला. हे पाहताना मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे अवघड आहे. आपल्या मातीतले कसब परक्या खेळात उपयोगी पडेल, असे मला कधी वाटले नव्हते.

त्याशिवाय रोज जिमखान्याच्या भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, उजव्या हाताने पन्नास वेळा आणि डाव्या हाताने पन्नास वेळा. जमिनीवरचा चेंडू उचलताना एवढे वाकायचे की मागचा हात जवळजवळ मातीला लागावा. वाळूच्या ढिगात फावडे घालतो तशी काठी चेंडूखाली घालून पळत पुढे जायचे. थांबून उचलणाऱ्याला सर म्हणत, "बॉल तुझी वाट बघत बसत नाही रे," आणि पुन्हा करायला लावत.

संघात खानापूर आणि निपाणीकडची मराठी मुले आहेत, बैलहोंगल आणि गोकाककडची कन्नड मुले आहेत, काही घरी उर्दू बोलणारी आहेत. सुटलेल्या चेंडूवर दोन खेळाडू धावतात तेव्हा एकाने 'बॉल' आणि दुसऱ्याने 'मॅन' ओरडायचे असते, म्हणजे पहिला चेंडू उचलतो आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याला अडवतो. हे शब्द सरांनी मूळचेच ठेवले, कारण ते कोणाच्याच घरचे नाहीत. चूक समजावताना मात्र ते ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगतात, त्यांची कन्नड अडखळली तरीही. सीमाभागात राहणाऱ्याला यातला सांभाळ लगेच कळतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. हेल्मेट, हातमोजे आणि छातीचे संरक्षक येईपर्यंत त्यांनी टेनिसच्या चेंडूवरच सराव घेतला आणि गोलात कोणालाही उभे राहू दिले नाही. गोलाच्या चौकटी उद्यमबागेतील एका कारखान्यात लोखंडी नळ्या जोडून करून घेतल्या.

आता उणिवा. गोलरक्षकाला वेगळे शिकवायला कोणी नाही, आणि सर सगळ्यांकडे पाहत असताना तो मुलगा तासभर नुसते फटके खात उभा राहतो. सुरुवातीला सराव पहाटे साडेपाचला होता. तालुक्याच्या गावांतून पहिल्या बसने येणाऱ्यांना तो गाठता येत नसे. चार पालकांनी सांगितल्यावर वेळ संध्याकाळची झाली, पण हे आधीच विचारायला हवे होते. पावसाळ्यात तर मैदानाची तांबडी माती इतकी चिखलते की कित्येक दिवस सराव बुडाला, आणि आत खेळण्याची सोय महाविद्यालयाने अजून केलेली नाही. सर्वांत मोठी अडचण म्हणजे जवळपास खेळायला दुसरा संघ नाही. वर्षभर मुले एकमेकांशीच खेळली, त्यामुळे त्यांची खरी ताकद किती हे सरांनाही सांगता येणार नाही.

क्रीडा कोट्यातून प्रवेश किंवा नोकरी मिळेल का, असे एका पालकाने पहिल्याच बैठकीत विचारले होते. सरांनी शांतपणे सांगितले, "काका, ते वचन मी देऊ शकत नाही. चार वर्षांत मुलगा दोन्ही हातांनी खेळेल, एवढे माझ्याकडून घ्या." ज्यांना प्रमाणपत्रासाठीच मुलाला पाठवायचे आहे त्यांनी दुसरा खेळ पाहावा. माझा मुलगा यंदाही जाणार आहे. गोलरक्षकासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी वेगळा मार्गदर्शक नेमावा, असे पत्र आम्ही सहा पालकांनी सह्या करून प्राचार्यांना दिले आहे, आणि त्यावर सरांनीही आपणहून सही केली.